राष्ट्राची खरी सिद्धता कशांत?

गेल्या सत्रांत नववीच्या वर्गांत मीं एक प्रश्न विचारला होता : एखादें राष्ट्र युद्धास सिद्ध आहे कीं नाहीं, हें कशावरून ओळखावें? उत्तरें भराभर आलीं. तोफा, विमानें, पाणबुड्या, क्षेपणास्त्रें. मागल्या बांकावरील एक विद्यार्थी मात्र भीतभीत म्हणाला, "सर, दुकानांत पीठ मिळतें का, तें पाहावें." वर्ग हंसला. मला तें उत्तर सर्वांहून अधिक विचाराचें वाटलें. त्या दिवशीं घंटा झाल्यामुळें जें सांगावयाचें राहून गेलें, तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास स्वित्झर्लंडसारखें दुसरें उदाहरण क्वचितच सांपडेल. आल्प्स पर्वतांत वसलेलें हें लहानसें राष्ट्र दोन्ही महायुद्धांत तटस्थ राहिलें. त्यास समुद्रकिनारा नाहीं, कोळसा जवळजवळ नाहीं, आणि धान्य तर त्या काळीं मोठ्या प्रमाणावर बाहेरून आणावें लागे. दोन्ही वेळां त्याचे शिपाई सरहद्दीवर वेळेवर उभे राहिले. तथापि पहिल्या युद्धाच्या अखेरीस तेथें यादवीचा प्रसंग ओढवला, आणि दुसऱ्या युद्धांतून तोच देश एकजुटीनें बाहेर पडला. असें कां व्हावें?

१९१४ सालीं युद्ध पेटलें तेव्हां सुमारें दोन लाख वीस हजार लोकांस सैन्यांत बोलाविण्यांत आलें. युद्ध कांहीं महिन्यांत आटोपेल अशीच बहुतेकांची समजूत होती. पावाचा गहूं परदेशांतून येई. पण तो कमी पडल्यास कसा वांटावा याची योजना कोणीं केलेली नव्हती. शिधापत्रिका निघाल्या त्या १९१७ सालीं, आणि युद्ध संपण्याच्या सुमारास भाव दुपटीवर गेले. याहूनहि वाईट गोष्ट ही कीं, पहाऱ्यावर गेलेल्या शिपायाची मजुरी बुडे आणि ती भरून देण्याची कोणतीहि व्यवस्था नसे. नवरा देशाचें रक्षण करीत आहे व बायकोमुलें घरभाडें कोठून द्यावें या विवंचनेंत आहेत, असा प्रकार घरोघर झाला. १९१८ च्या जून महिन्यांत जवळजवळ सात लाख लोकांस, म्हणजे दर सहा माणसांमागें एकास, सरकारी मदतीचा आधार घ्यावा लागला होता. नोव्हेंबरांत सुमारें अडीच लाख कामगारांनीं सार्वत्रिक संप केला. सरकारनें सैन्य बोलाविलें, आणि ग्रेंखेन या गांवीं गोळीबारांत तिघे जण मरण पावले. शत्रूनें सरहद्द ओलांडली नव्हती. गोळ्या लागल्या त्या स्वकीयांस.

हा धडा तेथील राज्यकर्ते विसरले नाहींत. १ एप्रिल १९३८ रोजीं, दुसरें युद्ध सुरू होण्यापूर्वीं सतरा महिने, जीवनावश्यक वस्तूंच्या पुरवठ्याचा कायदा झाला. अर्थखात्याचे मंत्री हेर्मान ओब्रेख्त यांनीं ही तयारी चालविली. प्रत्येक कुटुंबानें दोन महिने पुरेल इतकी सामुग्री घरीं भरून ठेवावी असें सांगण्यांत आलें, व शिधापत्रिका अगोदरच छापून तयार होत्या. युद्ध सुरू होतांच साखर, तांदूळ, पीठ, डाळी, चरबी यांची विक्री कांहीं आठवडे बंद झाली आणि लोकांनीं घरच्या सांठ्यावर भागविलें. ज्या गरिबांस सांठा करणें शक्य झालें नव्हतें त्यांच्यासाठीं सवलत होती. नोव्हेंबरांत शिस्तीनें शिधावांटप सुरू झालें.

१९४० च्या उन्हाळ्यांत फ्रान्स पडला आणि हा देश जर्मनी, इटली व त्यांनीं जिंकलेला मुलूख यांच्यामध्यें कोंडला गेला. त्या वर्षींच्या नोव्हेंबरांत फ्रीडरिख ट्राउगॉट वालेन या कृषितज्ज्ञानें आपली लागवडीची योजना लोकांपुढें मांडली. कोणत्या गांवची जमीन किती पीक देऊं शकेल याची पाहणी या गृहस्थानें युद्धापूर्वींच आरंभिली होती, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. कुरणें नांगरलीं गेलीं, बागा व खेळाचीं मैदानें खणलीं गेलीं, झुरिक शहरांत नाट्यगृहासमोरील मैदानहि पिकाखालीं आलें. कारखान्यांसहि आपल्या कामगारांसाठीं जमीन कसावी लागे. नांगरटीची जमीन सुमारें एक लाख त्र्याऐंशीं हजार हेक्टरांवरून साडेतीन लाखांवर गेली. बटाटे तर युद्ध संपेपर्यंत पत्रिकेवांचून मिळत राहिले.

पाव मात्र भाजल्यापासून चोवीस तासांच्या आंत विकावयाचा नाहीं असा नियम होता. याचें मर्म आमच्या वाचकांतील मातांस समजावून सांगण्याची गरज नाहीं; ताज्या भाकरीचे दोन घास नेहमींच अधिक जातात.

परंतु मला विचाराल तर या सर्व तयारींतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट नांगराची नव्हे, ती एका हिशेबाची होती. १ फेब्रुवारी १९४० पासून सैन्यांत गेलेल्या कामगारास बुडालेल्या वेतनाची भरपाई मिळूं लागली. त्यासाठीं प्रत्येक नोकराच्या पगारांतून शेंकडा दोन, मालकाकडून तितकेच, आणि उरलेला भार सरकारनें, अशी विभागणी होती. पहिल्या युद्धांत ज्या विवंचनेनें शिपायाचें मन पोखरलें ती अशा रीतीनें पुष्कळशी दूर झाली. याच व्यवस्थेच्या पायावर १९४८ सालीं वृद्धांच्या निवृत्तिवेतनाची राष्ट्रीय योजना उभी राहिली. तीच मागणी १९१८ च्या संपकऱ्यांनींहि केली होती.

येथें शिक्षकानें सत्य लपवूं नये. वालेन यांचें ध्येय पांच लाख हेक्टरांचें होतें. तें गांठलें गेलें नाहीं, आणि देश अन्नाच्या बाबतींत पूर्ण स्वावलंबी कधींच झाला नाहीं. बाहेरचें धान्य येतच राहिलें. त्यासाठीं १९४१ सालीं या समुद्रहीन देशानें स्वतःच्या निशाणाखालीं जहाजें चालविलीं! कोळसा जर्मनीकडून येई, आणि त्या जर्मनीशीं व्यापार व सोन्याचे व्यवहार चालत. १९४२ च्या ऑगस्टांत तर केवळ वंशामुळें छळले गेलेले म्हणून आलेल्या ज्यू निर्वासितांस सरहद्दीवरून परत लावण्याचा हुकूम निघाला. ज्या घरांत दोन महिन्यांचें अन्न होतें त्याचें दार बंद राहिलें. १९९५ सालीं त्या देशाचे अध्यक्ष कास्पार फिलिगर यांनीं याबद्दल जाहीर क्षमा मागितली. जे मागें फिरविले गेले त्यांतील पुष्कळांस ती ऐकावयास मिळाली नाहीं.

त्याच युद्धांत आपल्या देशाची स्थिति काय होती? १९४२ सालीं ब्रह्मदेश जपानच्या हातीं गेला व तेथील तांदूळ बंद झाला. बंगालच्या किनाऱ्यावरील हजारों नावा, शत्रूस मिळूं नयेत म्हणून, सरकारनें ताब्यांत घेतल्या किंवा मोडल्या. मग कोळ्यानें मासे कशांतून धरावे व तांदूळ कशांतून न्यावा? मुंबई शहरांत १९४३ च्या मे महिन्यांत शिधावांटप सुरू झालें. कलकत्त्यास तें १९४४ च्या जानेवारीच्या अखेरीस आलें. मधल्या काळांत बंगालच्या खेड्यांत माणसें मरत होतीं. त्या दुष्काळांत व त्यामागून आलेल्या सांथींत मेलेल्यांची संख्या वीस ते तीस लाख धरतात. सैन्यें तेथें होतीं, आणि कलकत्ता शत्रूच्या हातीं पडलें नाहीं. आपल्या घरांतील फडताळांत जी शिधापत्रिका आहे तिचा जन्म त्या दिवसांतला आहे.

स्वित्झर्लंडमध्यें युद्धकाळांतील शिधावांटप १९४८ सालीं संपलें. पण संवय सुटली नाहीं. कायद्यानें ठरविलेले धान्य, तेल व औषधें यांचे सांठे तेथील व्यापाऱ्यांस आजहि राखावे लागतात, आणि प्रत्येक घरीं माणशीं नऊ लिटर पाणी व आठवडाभराचें अन्न असावें अशी सरकारची सूचना आहे. २०१९ सालीं कॉफी ही जीवनावश्यक वस्तु नव्हे, सबब तिचा सांठा बंद करावा, असा प्रस्ताव निघाला, तेव्हां त्यास मोठा विरोध झाला. आमच्या मागल्या बांकावरील विद्यार्थ्यास मीं हें सांगितलें, तेव्हां त्यानें लागलीच विचारलें, "सर, आणि आपल्याकडे चहाचें काय?"