कोई मासा पाळायचा तर पाणी किती लागते?



एरवी या पानावर आम्ही लागण, खोडवा, खतांच्या मात्रा आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहीत असतो. या खेपेस विषय जरा वेगळा आहे. आपल्या कार्यक्षेत्रातील पुष्कळ घरांतली मुले नोकरीधंद्यानिमित्त मुंबईच्या उपनगरांत, म्हणजे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत स्थायिक झाली आहेत. नातवंडांनी हट्ट धरला म्हणून त्यांच्या घरी काचेच्या टाक्या आल्या आणि टाक्यांत लाल-पांढरे कोई मासे आले. "साहेब, पोरांचे मासे टिकत नाहीत, काय औषध टाकावं?" अशी विचारणा सभासद आमच्याकडेच करतात. आम्ही पडलो ऊसवाले. पण मातीतला नत्र आणि पाण्यातला नत्र यांची जात एकच, म्हणून चार गोष्टी सांगण्याचे धाडस करतो. औषधाचा प्रश्न नंतरचा. बहुतेक ठिकाणी खरी अडचण जागेची असते.

कोई हा काही वेगळा नाजूक मासा नव्हे. आपल्याकडे तलावात, शेततळ्यात जो सायप्रिनस सोडतात, त्याचाच हा रंगीत भाऊ. जपानच्या निगाता भागातील डोंगराळ गावांतले भातशेती करणारे शेतकरी पाण्याच्या तळ्यांत खाण्यासाठी हा मासा पाळीत. एकोणिसाव्या शतकात त्यांत मधूनच रंगीत पिल्ले निघू लागली, ती त्यांनी निवडून वाढवली आणि १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात मांडली. तेव्हा कुठे त्यांचे नाव झाले. सांगायचा मुद्दा हा की, मूळ शेतकऱ्याच्या तळ्यातला हा मासा आहे. त्याला तळ्याच्या हिशेबानेच पाणी लागते.

दुकानात तो बोटाएवढा असतो. चांगले पाणी मिळाले तर पूर्ण वाढलेला कोई दोन फुटांपर्यंत जातो आणि वीस-पंचवीस वर्षे जगतो. अशा एका माशाला सुमारे १,००० लिटर पाणी आणि किमान एक मीटर खोली असावी, असा जाणकारांचा साधारण हिशेब आहे. आता घरातली टाकी पाहा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत जेमतेम ५५ लिटर पाणी मावते, आणि त्यात लोक सहा-सहा मासे सोडतात! "मासा टाकीएवढाच वाढतो" असे काही दुकानदार सांगतात. कुंडीत लावलेला ऊसही कुंडीएवढाच वाढतो, पण त्याला कोणी चांगला फड म्हणत नाही. वाढ खुंटते ती आपल्याच घाणीत राहून.

"मग बाल्कनीत किंवा गच्चीवर हौद बांधतो," असे काही उत्साही मंडळी म्हणतात. त्यांनी आधी वजन पाहावे. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, एक मीटर खोल हौदात ४,००० लिटर पाणी बसते. त्याचे वजन ४ टन, म्हणजे जवळपास दोन टायरगाड्या ऊस. दर चौरस मीटरला १,००० किलो भार झाला, आणि हौदाचे बांधकाम वेगळेच. भारतीय मानकाप्रमाणे राहत्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला साधारण २०० किलो आणि बाल्कनी ३०० किलो भार धरून आखतात. इमारत जुनी असेल तर बोलायलाच नको. इंजिनिअरची लेखी संमती आणि सोसायटीची परवानगी असल्याशिवाय वरच्या मजल्यावर असा हौद मुळीच करू नये. खाली कोणाचे तरी घर असते. तळमजल्याच्या अंगणात जमिनीवर हौद केला तर ही काळजी नाही.

आता पाण्यातल्या नत्राकडे वळू. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, उरलेले खाद्य कुजून आणखी अमोनिया होतो. आपण उसाला युरिया देतो तेव्हा जमिनीतले जीवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नेमके तेच काम फिल्टरमधल्या जाळीवर, दगडांवर वाढणारे जीवाणू करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशाला विषारी, नायट्रेट त्या मानाने सौम्य. नव्या हौदात हे जीवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी सगळे मासे सोडले की ते का मरतात, हे यावरून ध्यानात येईल. फिल्टर नळाखाली घासून लख्ख करू नये, हौदाच्याच पाण्यात हलकेच विसळावा. खाद्य पाच मिनिटांत संपेल इतकेच घालावे. पाव आणि चपातीचे तुकडे नकोत.

मुंबईच्या नळाचे पाणी भांडुप आणि पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रांतून क्लोरीन घालून येते. माणसाला ते हितकारक, माशाच्या कल्ल्यांना आणि फिल्टरच्या जीवाणूंना घातक. नवे पाणी पिंपात चोवीस तास हवा देऊन ठेवावे किंवा 'हायपो'चे खडे पुडीवरील मात्रेनुसार वापरावेत. सोसायटीची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली असेल त्या दिवशी पाणी बदलूच नये. ४,००० लिटरच्या हौदात आठवड्याला दहा टक्के बदल धरला तरी ४०० लिटर लागतात. शहराच्या नियोजनात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, म्हणजे हे तीन माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. पाणीकपातीच्या दिवसांत शेजारी काय म्हणतील याचाही विचार हवा. काढलेले पाणी मात्र कुंड्यांना द्यावे, त्यातला नत्र फुकटचा आहे.

उन्हाळ्यात दुसरी अडचण येते. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच. पहाटे तो सर्वांत कमी असतो. मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकू लागले तर औषध शोधू नये, हवा द्यावी. एअर पंप रात्रंदिवस चालू हवा, वर शेडनेटची सावली असावी. बगळा, खंड्या आणि मांजर यांच्यासाठी जाळीही लागतेच. पावसाळ्यात ज्यादा पाणी जायला जाळी लावलेला पाइप ठेवावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता, हे उपनगरवाल्यांना सांगायला नको.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी गप्पीसारखे लहान मासे पाळावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. अंधेरीतच वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, १९६१ साली स्थापन झालेली. मत्स्यशास्त्रातले जाणकार तिथे आहेत.

आणि आधीच वाढून बसलेले कोई? ते पवई तलावात किंवा नदीत नेऊन सोडणे म्हणजे पुण्य नव्हे. हा मासा तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो. त्यापेक्षा गावी आणा. १५ बाय १५ बाय ३ मीटरच्या उतारबाजूच्या शेततळ्यात ४४१ घनमीटर, म्हणजे ४ लाख ४१ हजार लिटर पाणी मावते. उन्हाळ्यात किमान एक मीटर पाणी राखावे, सांडव्याला जाळी लावावी, ठिबकचा सँड फिल्टर थोडा जास्त वेळा धुवावा. फवारणीचा पंप मात्र त्या तळ्याकाठी कधीही धुऊ नये. काही कीटकनाशकांचा थेंबही माशांना पुरे होतो. आणलेली पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगू द्यावी, मग मासे सोडावेत.

गणपतीला किंवा दिवाळीला मुले गावी येतात तेव्हा माशांना कोण पाहणार, हा प्रश्न हमखास निघतो. मोठे, निरोगी मासे आठवडाभर खाद्याशिवाय सहज राहतात. शेजारी मायेने मूठ-मूठ खाद्य टाकतात आणि परत येईपर्यंत पाणी नासते. म्हणून खाद्याचा डबा कपाटात ठेवून यावे आणि शेजारच्या काकूंना एवढेच सांगावे, की सकाळ-संध्याकाळ पंप चालू आहे ना, तेवढे बघा.