थांबलेली शाळेची बस आणि सायकलस्वार

या पाठाची सुरुवात एका प्रसंगाने करू. तुम्ही अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात शिकायला गेला आहात आणि सायकलवरून कॉलेजला निघाला आहात. तिकडे वाहतूक उजवीकडून चालते, म्हणून तुम्ही रस्त्याच्या उजव्या कडेने जात आहात. पुढे शाळेची पिवळी बस थांबते. तिचे लाल दिवे उघडझाप करू लागतात आणि बाजूने 'स्टॉप' लिहिलेला फलक बाहेर येतो. मोटारी थांबतात. बस आणि पदपथ यांच्यामध्ये सायकल जाईल एवढी जागा मात्र मोकळी आहे. तुम्ही पुढे जाल का?

कायदा काय सांगतो?

कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेतील कलम २२४५४ नुसार, अशा बसपाशी येणाऱ्या वाहनचालकाने थांबलेच पाहिजे. लाल दिवे आणि फलक बंद होईपर्यंत पुढे जाता येत नाही. दुभाजक असलेल्या किंवा प्रत्येक दिशेला दोन वा अधिक मार्गिका असलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यांना यातून सूट आहे. न्यूयॉर्क राज्यात दुभाजक असला तरी दोन्ही बाजूंनी थांबावे लागते.

या कलमात 'वाहनचालक' असा शब्द आहे. मग सायकलस्वाराचे काय? याचे उत्तर कलम २१२०० मध्ये मिळते : रस्त्यावर सायकल चालवणाऱ्याला वाहनचालकाचे हक्क आहेत, तशीच त्याची कर्तव्येही आहेत. म्हणजे दोन कलमे एकत्र वाचली की उत्तर निघते : सायकलस्वारानेही थांबायचे.

आयडाहो राज्यात १९८२ पासून सायकलस्वाराला चौकातील 'स्टॉप' फलकापाशी, रस्ता मोकळा असल्यास, पूर्ण न थांबता हळू पुढे जाता येते. ही सवलत चौकातील फलकापुरती आहे. बसच्या फलकाला ती लागू होत नाही.

सायकलला सूट का नाही?

सायकल हलकी असते, तिच्याने कितीसे लागणार, असे अनेकांना वाटते. पण सायकलची नेहमीची जागा कोणती, ते पाहा. ती रस्त्याच्या कडेने जाते आणि बसचे दारही त्याच कडेला उघडते. मोटार त्या फटीत शिरू शकत नाही, सायकल शिरू शकते. म्हणून दारातून उतरणाऱ्या मुलाला त्या बाजूने सर्वांत जवळचा धोका सायकलचाच असतो.

आता थोडे गणित करू. वेग ताशी १८ किमी, म्हणजे सेकंदाला ५ मीटर धरा. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत १ सेकंद गेला, तर तेवढ्यात सायकल ५ मीटर पुढे जाते. ब्रेकने मिळणारे मंदन २.५ मी/से² धरल्यास थांबण्यासाठी वेगाचा वर्ग भागिले मंदनाची दुप्पट, म्हणजे २५ ÷ ५ = ५ मीटर लागतात. एकूण १० मीटर झाले. मोठ्या बसची लांबीही साधारण तेवढीच असते. तुम्ही बसच्या निम्म्यापर्यंत आलात आणि पुढच्या दारातून मूल उतरले, तर सायकल वेळेत थांबणार नाही. रस्ता ओला असून मंदन निम्मे झाले, तर ब्रेकचे अंतर दुप्पट होऊन एकूण १५ मीटर लागतील.

भारतात काय?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील 'मोटार वाहन' या व्याख्येत पायडलची सायकल येत नाही. म्हणूनच तिला परवाना किंवा नोंदणी लागत नाही. पण याचा अर्थ सायकलस्वार कायद्याबाहेर आहे, असा नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ 'कोणतेही वाहन' सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे, कोणाला इजा होईल अशा रीतीने चालवण्याला लागू होते. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कारावास, १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालते, बसचे दार डावीकडे असते आणि सायकलही डाव्या कडेनेच जाते. म्हणजे बाजू बदलली तरी धोका तोच राहतो. तेव्हा थांबलेली शाळेची बस दिसली की तिच्या मागे थांबा. मुले उतरून सुरक्षित जागी पोहोचली आणि बस हलली, की मगच पुढे जा.

विचारासाठी प्रश्न : वेग ताशी २५ किमी असेल, तर वरील गृहीतकांवर थांबण्यास एकूण किती अंतर लागेल?