स्क्रीनवरचे किलोमीटर आणि रस्त्यावरचे किलोमीटर

इलेक्ट्रिक गाडी घ्यावी की नको, ही चर्चा आता गावच्या पारावर आणि तहसील कचेरीच्या आवारात सारखीच रंगते. घरच्या विजेवर किलोमीटरला दीड-दोन रुपयांत भागते म्हटल्यावर माणूस विचार करणारच. कचेरीतल्या मंडळींनाही हा विषय टाळता येणारा नाही. सरकारी कामासाठी नवी गाडी घ्यायची तर ती विजेवरचीच असावी, असे राज्य शासनाने १ जानेवारी २०२२ पासून जाहीर केले होते.

घेणाऱ्याचा पहिला सवाल ठरलेला असतो. एकदा भरली की किती जाते? या सवालाला तीन उत्तरे मिळतात. एक जाहिरातीत छापलेले, दुसरे गाडीच्या स्क्रीनवर दिसणारे आणि तिसरे रस्त्यावर गेल्यावर कळणारे. तिन्हींचा मेळ बसत नाही. रात्री अकराला अहमदपूर आणि लोह्याच्या मधे गाडी बंद पडली आणि आत विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात न्यायचा पेशंट असला, तर यातला कोणता आकडा खरा होता हे शोधायला तेव्हा सवड नसते. म्हणून हा हिशेब आधी घरी बसून समजून घ्या.

जाहिरातीतला आकडा पुण्याहून येतो. तिथे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, ही संस्था १९६६ पासून आहे. गाड्यांची चाचणी घेऊन दाखला देणे हे तिचे एक मुख्य काम. चाचणीत गाडी रस्त्यावर धावत नाही, ती बंद जागेत रोलरवर चालवतात. कुठे किती वेग घ्यायचा, कुठे थांबायचे, हे सेकंदासेकंदाने ठरलेले असते. वेग ताशी ९० च्या वर जात नाही आणि सरासरी तर ताशी ३०-३५ च्याही पुढे नाही. एसी बंद. समोरून वारा नाही, चढ नाही, खड्डा नाही, मागच्या सीटवर पाहुणे नाहीत की डिकीत खताची पोती नाहीत. सगळ्या गाड्यांना एकच माप लावायचे म्हणून ही चाचणी ठीकच आहे. दोन गाड्यांत कोणती सरस, हे तिच्यावरून कळते. पण तोच आकडा धरून प्रवासाला निघालात तर फसाल.

या आकड्यावरून भांडणही होऊन गेले आहे. टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली. तिची बॅटरी ३०.२ युनिटची आणि दाखल्यावरचा पल्ला ३१२ किलोमीटरचा. दिल्लीतल्या ग्राहकांनी तक्रार केली की प्रत्यक्षात गाडी दोनशेच्या आसपासच जाते. दिल्ली सरकारने मार्च २०२१ मध्ये त्या गाडीचे अनुदान थांबवले. कंपनीचे म्हणणे असे की आकडा एआरएआयच्या चाचणीचा आहे. रस्त्यावरचा पल्ला एसी, चालवण्याची पद्धत आणि परिस्थितीवर ठरतो. मामला हायकोर्टात गेला आणि त्या आदेशाला स्थगिती मिळाली. खरे पाहता दोघांचेही बरोबर होते. चाचणी खोटी नव्हती आणि ग्राहकही खोटे बोलत नव्हता. चूक एवढीच की दाखल्यावरचा आकडा म्हणजे वचन, असे ग्राहकाच्या मनात बसले होते आणि विकणाऱ्यांनीही तो समज फारसा दूर केला नाही.

त्यानंतर कंपन्या थोड्या मोकळेपणाने बोलू लागल्या. टाटांनी ऑगस्ट २०२४ मध्ये कर्व्ह ईव्ही आणली. तिच्या ५५ युनिटच्या बॅटरीला दाखल्यावर ५८५ किलोमीटर आहेत, पण चारातल्या तीन ग्राहकांना ४०० ते ४२५ मिळतील असे कंपनीनेच सांगून टाकले. म्हणजे दाखल्यातून सरळ तीस टक्के गेले. कोणत्याही गाडीची जाहिरात वाचताना एवढी कपात मनातल्या मनात करायला हरकत नाही.

बाहेरच्या देशांतही हेच. दक्षिण कोरियाच्या सरकारी आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये टेस्ला कंपनीला मोठा दंड केला. थंडीत पल्ला निम्म्याने घटतो हे ग्राहकांना नीट सांगितले नाही, हे त्याचे कारण. आपल्याकडे थंडीचा तेवढा धाक नाही; आपल्याकडे मे महिना आहे.

युनिटात मोजा

आता मूळ गोष्टीकडे येऊ. बॅटरीवर ‘किलोवॅट-अवर’ लिहिलेले असते, त्याला बिचकू नका. एक किलोवॅट-अवर म्हणजे तुमच्या लाईट बिलातले एक युनिट. तीस युनिटची बॅटरी म्हणजे किती वीज? विहिरीवरची पाच एचपीची मोटार सात-आठ तास चालली की जेवढी वीज खाते, साधारण तेवढी. एवढ्या विजेत दीड टन वजनाची गाडी माणसांसकट दोनशे किलोमीटर जाते, हे तसे पाहिले तर नवलच आहे.

एका युनिटात गाडी किती किलोमीटर गेली, हा एकच आकडा आपल्या कामाचा आहे. आपण मोटारसायकलचे अॅव्हरेज काढतो ना, तसेच. वरच्या नेक्सॉनचे दाखल्यावरचे अॅव्हरेज दहाच्या वर बसते. रस्त्यावर सात धरा. तीस गुणिले सात, दोनशे दहा. दिल्लीचा ग्राहक नेमके हेच सांगत होता.

सातचे आठ किंवा सहा कशाने होतात? सगळ्यात आधी वेगाने. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० वरून ९० वर गेलात तर वेग दीडपट होतो, पण हवा कापायला दर किलोमीटरला सव्वादोनपट जोर लागतो. चौपदरी रस्ता झाला म्हणून पाय दाबून चालवणाऱ्याचे अॅव्हरेज इथेच जाते. डिझेल गाडीतही जायचे, पण पंप जवळ होता म्हणून कुणी मोजले नाही. दुसरा खर्च एसीचा. मे महिन्यात नांदेडला पारा बेचाळीसच्या वर असताना एसी तासाला एक-दीड युनिट घेतो. गाडी उन्हात उभी असेल तर पहिली पंधरा-वीस मिनिटे जास्तच. हा खर्च तासावर आहे, किलोमीटरवर नाही. गाडी फाटकाशी उभी असली तरी एसीचे मीटर पळतच असते. बाकी वजन, टायरमधली हवा, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल तुडवत शिवारात जाणे, हे सगळे थोडेथोडे खाते. त्यातही टायरमधली हवा फुकटात सुधारता येते, पण तीच कुणी तपासत नाही.

स्क्रीन काय सांगते

गाडी सुरू केली की स्क्रीनवर टक्के दिसतात आणि शेजारी किलोमीटर. बहुतेक जण किलोमीटर पाहतात. “अहो, दोनशे दाखवलालंय की, नांदेड काय लांब हाय?” असे म्हणून निघतात. पण हे दोन आकडे एका जातीचे नाहीत.

धरणाचे घ्या. मांजरा धरणात चाळीस टक्के साठा आहे, ही मोजणी झाली. हे पाणी अमुक महिने पुरेल, हा अंदाज झाला, कारण उपसा किती होईल आणि ऊन किती पडेल ते पुढे ठरायचे असते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा या दोन गोष्टींतला फरक आपल्याइतका कुणाला कळला नसेल. गाडीतही तसेच आहे. टक्के म्हणजे साठा आणि किलोमीटर म्हणजे ‘इतके दिवस पुरेल’ हा अंदाज.

हा अंदाज गाडी बांधते कशावर? मुख्यतः तुम्ही आधी कशी चालवली त्यावर. मागच्या काही किलोमीटरांत युनिटला किती पडले ते ती पाहते आणि उरलेल्या युनिटांना त्याने गुणते. तुम्हाला आज कुठे जायचे आहे, वाटेत घाट आहे की उतार, हे साध्या गाडीला ठाऊक नसते. आठवडाभर लातूरच्या गल्ल्यांतून ताशी तीस-चाळीसने फिरलात तर अंदाज फुगतो. तीच गाडी नांदेड रस्त्याला ऐंशीने लावली की पहिल्या वीस किलोमीटरला स्क्रीनवरचे तीस-पस्तीस किलोमीटर कमी होतात आणि माणूस घाबरतो. गाडी बिघडलेली नसते. ती आता रस्त्याला अनुसरून नवा अंदाज देऊ लागलेली असते. तलाठी आप्पांना हे सांगायला नको. सप्टेंबरातली नजर अंदाज पैसेवारी आणि डिसेंबरातली अंतिम पैसेवारी यांत जे अंतर पडते, तेच इथे दोन तासांत पडते.

काही गाड्यांत नकाशावर ठिकाण टाकले तर चढ-उतार धरून हिशेब येतो. तो बराच जवळ जातो, पण तोही वारा आणि तुमचा पाय जाणत नाही.

लातूर-नांदेडचा हिशेब

लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेड सुमारे १४० किलोमीटर. जाऊन येऊन २८०. दाखल्यावर ३१२ वाचणाऱ्याला वाटते, एका चार्जिंगमध्ये जाऊन परत येऊ. इथेच फसगत आहे.

लातूर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे. नांदेड गोदावरीच्या काठी साडेतीनशे मीटरच्या आसपास. म्हणजे जाताना एकंदर उतार आणि येताना चढ. दीड-पावणेदोन टनाची भरलेली गाडी अडीचशे मीटर वर चढवायला एक युनिटाहून थोडी जास्त वीज लागते, म्हणजे सात-आठ किलोमीटरचा पल्ला. फार नाही, पण जाताना उताराने दिलेली सवलत येताना उलटी भरावी लागते, म्हणून दोन्ही बाजूंचा फरक दुप्पट भासतो.

तीस युनिटची गाडी धरा. शंभर टक्के भरून सकाळी लातूर सोडले. बेताने चालवून युनिटला साडेसात पडले तर नांदेडला पोहोचेपर्यंत साधारण १९ युनिट गेले, ११ उरले. स्क्रीन ऐंशीच्या आसपास दाखवेल. परतीला दुपारचे ऊन, एसी आणि चढ मिळून साडेसहाच पडतील, असे धरा. म्हणजे साडेएकवीस युनिट लागणार. वर तीन युनिट राखीव ठेवायचेच. तेव्हा नांदेडमध्ये किमान १४ युनिट भरल्याशिवाय निघू नका. साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर याला चार-पाच तास लागतात, सात किलोवॅटच्या चार्जरवर दोन तास, जलद चार्जरवर अर्धा-पाऊण तास. बाजार समितीचे काम, दवाखाना, जेवण यातच हा वेळ बसवावा लागतो. जलद चार्जर कुठे आहे एवढे पाहून भागत नाही. तो चालू आहे का, हे निघण्याआधी फोन करून विचारा. लाईट गेली तर तोही आपल्यासारखाच बसून असतो.

राखीव तीन युनिट का, असे कुणी विचारील. शेवटच्या दहा टक्क्यांत गाडी जोर कमी करते आणि आकडाही भरभर खाली येऊ शकतो. शिवाय वळण रस्ता निघाला, पूल बंद असला, तर दहा-पंधरा किलोमीटर जास्त पडतात.

टक्क्यांचा आकडाही कधी कधी चुकतो. नेक्सॉनसारख्या गाड्यांत लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची बॅटरी असते. ती टिकाऊ आहे, पण बरीचशी रिकामी होईपर्यंत तिचे व्होल्टेज जवळपास सारखेच राहते. त्यामुळे व्होल्टेज पाहून साठा ओळखता येत नाही. गाडी मग आत किती आली, बाहेर किती गेली याची रोजकीर्द ठेवते. रोज थोडी थोडी वीज भरून वापरत राहिलात तर त्या रोजकीर्दीत फरक साचत जातो. अधूनमधून शंभर टक्के पूर्ण भरली की मेळ पुन्हा बसतो. किती दिवसांनी भरायची ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री पूर्ण भरणे दोन्ही अर्थांनी चांगले.

पुण्या-मुंबईच्या लोकांनी तीन-चार वर्षे वापरून विकलेल्या गाड्या आता आपल्याकडे येऊ लागल्या आहेत. भाव बघून मोह होतो. इथे एक ध्यानात ठेवा, की जुन्या बॅटरीतही स्क्रीन शंभर टक्केच दाखवते. गाळ साचलेला पाझर तलाव काठोकाठ भरला तरी त्यात पहिल्या वर्षाइतके पाणी मावत नाही, तसे. बॅटरीची क्षमता मूळच्या किती टक्के उरली, याचा लेखी अहवाल कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून मागून घ्या. बॅटरीची वॉरंटी तुमच्या नावावर वर्ग होते का, हेही लेखी घ्या. विकणारा “मस्त चालते” म्हणत असेल तर शंभर टक्के भरून त्याला शेजारी बसवा. पन्नास किलोमीटर हमरस्त्याने जाऊन या आणि किती टक्के गेले ते पाहा. तीस युनिटच्या चांगल्या गाडीत पंचवीसच्या आसपास जायला हवेत. पस्तीस गेले तर पोस्टाच्या आवाजाने बोलणी करायला हरकत नाही.

रात्री घरी चार्जिंग लावणार असाल तर वेगळी वायर, नीट अर्थिंग आणि पुरेसा मंजूर भार करून घ्या. गावात व्होल्टेज पडले की सकाळपर्यंत गाडी पूर्ण भरत नाही, म्हणून निघताना टक्के पाहूनच निघा. आणि शेतीपंपाच्या कनेक्शनवर गाडी लावू नका. ज्या कामासाठी वीज मंजूर आहे ते सोडून दुसऱ्या कामाला वापरली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली वाढीव दराने आकारणी होते.