पाणी अडतं कुठे, ते आधी बघूया

चतुर्थी महिन्यावर आली की आपल्या गटाच्या बैठकीत माटवीचं सामान, करंज्यांचं पीठ, गाड्यांची तिकिटं असंच बोलणं चालतं. संडासाचा विषय कुणी काढत नाही. पण एरवी तीन माणसं वापरतात तो संडास त्या आठवड्यात बारा माणसं वापरतात, आणि तेही भर पावसात. म्हणून आज तोच विषय घेतलाय.

आमच्या गटातली एक वयनी गेल्या पावसात सांगत आली, "अगो, दोन बादल्यो ओतलंय, तरी पाणी खाली जाणा नाय." तिने दोनदा अ‍ॅसिड ओतून पाहिलं होतं. काही उपयोग झाला नव्हता. आम्हाला काळजी वाटली ती तिच्या सासूची. गुडघे धरलेले, रात्री चिखलातून शेजाऱ्यांकडे जाणं शक्य नाही, म्हणून म्हातारीने दुपारनंतर पाणी पिणंच सोडलं होतं. आपण बायका हे फार सहज करतो. लघवी तुंबवून ठेवतो आणि मग जळजळ, ताप घेऊन दवाखान्यात जातो.

त्या दिवशी आम्ही चौघीजणी तिच्याकडे गेलो आणि पाणी कुठे अडतं ते शोधलं. तुम्हीही तसंच करा.

आधी भांड्यात एक बादली पाणी जोराने, एकदम ओता. ते झर्रकन गेलं तर वाट मोकळी आहे, दोष टाकीत आहे. फ्लशच्या टाकीचं झाकण काढून बघा. फुगा फार खाली बसवलेला असेल तर टाकी अर्धीच भरते. पाण्याची पातळी आतल्या उभ्या नळीच्या तोंडापेक्षा दोन बोटं खाली हवी. खुर्चीच्या कमोडला कडेखाली बारीक भोकं असतात, ती क्षाराने बुजतात. कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून तिथे लावा, रात्रभर ठेवा आणि सकाळी तारेने टोकरा. उकळतं पाणी ओतू नका, भांडं तडकतं.

पाणी वर चढून सावकाश उतरत असेल, तर बाहेर जाऊन चेंबरचं झाकण उघडा. दोन खड्ड्यांच्या संडासात भांड्याचा पाईप आधी या चेंबरमध्ये येतो आणि तिथून दोन खड्ड्यांकडे दोन वाटा फुटतात. चेंबर कोरडा आणि भांडं भरलेलं असेल, तर बोळा मधल्या पाईपात किंवा भांड्याखालच्या वाकड्या नळीत आहे. चेंबरही भरलेला असेल, तर भांड्याशी झटापट करण्यात अर्थ नाही. अडचण पुढे, खड्ड्याकडे आहे.

मधला बोळा काढायला रबरी पंप चांगला. तो नसेल तर काठीच्या टोकाला जुन्या चिंध्या घट्ट बांधा आणि भांड्याच्या तोंडात पंधरा-वीस वेळा वरखाली दाबा. जोर वर ओढताना जास्त द्यायचा, म्हणजे अडकलेलं सुटून येतं. अ‍ॅसिड ओतलेलं असेल तर हे करू नका, शिंतोडे डोळ्यात जातात. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर तर कधीच एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. शिवाय खड्ड्यातले ज्या जिवाणूंमुळे मैल्याचं खत होतं, तेच अ‍ॅसिडने मरतात. आम्हाला विचाराल तर संडासात अ‍ॅसिड नकोच.

अडकतं काय? सॅनिटरी पॅड, केसांचे गुंतवळ, भांडी घासायची सोडणं. आणि आपल्या किनाऱ्यावर वाळू. पोरं दर्यावरून येतात आणि पाय तिथेच धुतात. वाळू वाकड्या नळीत बसते आणि पाण्याने हलत नाही.

वयनीच्या घरी चेंबर काठोकाठ भरला होता. पाणी थोडं काढल्यावर खरी गोष्ट दिसली: गवंड्याने दोन्ही खड्ड्यांची तोंडं उघडीच ठेवली होती. दोन्ही खड्डे एकदमच भरले. खरं तर एकाचं तोंड बंद हवं. पहिला भरला की त्याचं तोंड बुजवून दुसरा सुरू करायचा. पहिला किमान दीड-दोन वर्षं तसाच झाकून ठेवला की आत कोरडं, वास नसलेलं खत होतं.

त्यात आपला पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. देवबाग-तारकर्लीसारख्या वाळूच्या पट्टीत किंवा खाडीकाठी जमिनीतलं पाणीच वर येतं, मग खड्डा मुरवणार कुठे? अशा वेळी निदान पागोळ्यांचं, न्हाणीचं आणि कपडे धुण्याचं पाणी खड्ड्यात जाऊ देऊ नका. खड्ड्याच्या झाकणाभोवती मातीचा उंचवटा करा. भांडं तीव्र उताराचं ग्रामीण पद्धतीचं असेल तर दीड-दोन लिटर पाणी पुरतं, पाहुण्यांना हे सांगून ठेवा. विहीर खड्ड्यापासून निदान दहा मीटर लांब हवी. कातळाच्या फटींतून पाणी लांबवर जातं, तेव्हा सड्यावर आणखी लांब असलेली बरी.

२०१६ साली केंद्राच्या ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षणात सपाट भागातल्या जिल्ह्यांत आपला सिंधुदुर्ग पहिला आला होता. आपण सपाट कसे, ते त्यांनाच ठाऊक. पण बांधलेले संडास सांभाळणं हे काम घरातल्या बाईवरच येतं, आणि तिला चेंबर कुठे आहे तेही कुणी दाखवलेलं नसतं.

एक गोष्ट मात्र आपण करायची नाही, कुणाला करू द्यायचीही नाही: भरलेल्या खड्ड्यात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवणं. आतल्या वायूने माणूस काही क्षणांत कोसळतो, त्याला काढायला उतरलेलाही जातो. २०१३ च्या कायद्याने अशी कामं करून घेणं गुन्हा आहे. कणकवलीच्या गोपुरी आश्रमाचे अप्पासाहेब पटवर्धन याच कामासाठी झटले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी स्वतःला भंगीकाम मिळावं म्हणून उपोषण केलं होतं. पुढे मैला कुणाला हाताने उचलावा लागू नये, त्याचं खत व्हावं, म्हणून त्यांनी संडासाच्या नव्या रचना केल्या. त्यांच्या जिल्ह्यात तरी आपण टँकरच बोलवूया.

वयनीनेही टँकर बोलवून एक खड्डा उपसून घेतला. दुसऱ्याचं तोंड चेंबरमध्ये विटेचे तुकडे आणि चिकणमाती लावून बंद केलं. चतुर्थीत तिच्याकडे अकरा माणसं होती. कोणता खड्डा बंद आहे आणि कोणत्या तारखेपासून, ते तिने संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलंय. सासूने नंतर त्यावर तेलरंग फिरवून घेतला, पुसून जाऊ नये म्हणून.