जुनी रायफल, घरी भरलेले काडतूस आणि रक्तातले शिसे

‘.४७० नायट्रो एक्स्प्रेस’सारख्या इंग्रजी दुनळी रायफली अमेरिका, ब्रिटन, दक्षिण आफ्रिकेतील हौशी मंडळींनी आजही जपल्या आहेत. या काडतुसाच्या जन्माला भारतही कारणीभूत आहे. ब्रिटिश सरकारने इथे .४५० बोअरवर बंदी घातली, म्हणून बंदूक कारखानदारांनी .४७०सारखे नवे आकार काढले.

तयार काडतुसे महाग, म्हणून अनेक जण वापरलेली पितळी टोपणे घरीच पुन्हा भरतात. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच ठिकाणी लागायच्या, तर ३२ ग्रॅमच्या गोळीला सुमारे ६५५ मीटर प्रतिसेकंद हा मूळ वेग मिळावा लागतो. तो जुळेपर्यंत बारामागून बार काढले जातात. काडतूस जास्त भरले तर नळी फुटेल, ही भीती सर्वांना असते. मात्र, शरीराचे दोन धोके चटकन दिसत नाहीत.

पहिला कानाचा. मोठ्या रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास किंवा वर जातो. १४० डेसिबलपुढे एकच बारही अंतर्कर्णातील केसपेशी कायमच्या मारू शकतो. त्या पुन्हा उगवत नाहीत. कानात बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही हवेत.

दुसरा शिशाचा. काडतुसाच्या प्रायमरमध्ये बहुधा शिशाचे संयुग असते. बार उडताच त्याची सूक्ष्म धूळ श्वासात, हातांवर, कपड्यांवर येते. वापरलेली टोपणे कोरड्या यंत्रात घासून चकचकीत करतानाही तीच धूळ उडते आणि घरात पसरते. मोठ्यांमध्ये थकवा, पोटदुखी, वाढता रक्तदाब अशी लक्षणे दिसतात, पण शिशाशी त्यांचा संबंध कुणी जोडत नाही. शिसे हाडांत अनेक वर्षे साठून राहते. रांगणाऱ्या मुलाच्या मेंदूला तर त्याची कोणतीच मात्रा सुरक्षित नाही. अमेरिकेच्या सीडीसीने २०२१मध्ये मुलांसाठीची संदर्भ पातळी डेसिलिटरमागे ५वरून ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली.

उपाय साधे आहेत. हे काम स्वयंपाकघरात नको. तिथे खाणे, तंबाखू, सिगारेट नको. टोपणे ओल्या पद्धतीने धुवावीत. झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे. हात साबणाने धुवावेत, कपडे वेगळे धुवावेत. आपल्याकडे बंदिस्त रेंजवर .२२ रायफलीचा सराव करणाऱ्या नेमबाजांना आणि त्यांच्या प्रशिक्षकांनाही हेच लागू पडते. नियमित सराव असेल, तर रक्तातील शिशाची आणि श्रवणाची तपासणी ठरावीक काळाने करून घ्यावी. घरात लहान मूल किंवा गर्भवती असेल, तर त्यांचीही शिशाची तपासणी डॉक्टरांना विचारून करावी.