समुद्रतळावरील मिलिमीटरचा हिशेब

समुद्रतळावरील तेलविहिरीचे तोंड आणि अनेक विहिरींचे उत्पादन एकत्र करणारा मॅनिफोल्ड यांना जोडणारी पोलादी नळी, म्हणजे जम्पर, नेमक्या मापाची आधीच घडवून ठेवता येत नाही. कारण ही उपकरणे तळावर टेकल्यानंतर त्यांच्यातील अंतर, उंचीचा फरक व कल तेथे मोजल्यावरच कळतात. या कामात अंतरासाठी काही सेंटिमीटर आणि कोनासाठी अर्ध्या अंशाच्या आसपास टॉलरन्स, म्हणजे मान्य विचलनमर्यादा, सर्वसाधारणपणे ठरवलेला असतो आणि तो मोजणी, घडण व स्थापना या टप्प्यांत वाटून द्यावा लागतो.

मुंबई हायसारख्या सुमारे ७५ मीटर खोलीच्या क्षेत्रात पाणबुडे दोन टोकांमध्ये तार ताणून अंतर मोजू शकतात. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील खोल पाण्यात मात्र दूरनियंत्रित यान टोकांवर ट्रान्सपाँडर, म्हणजे ध्वनिसंकेताला उत्तर देणारी उपकरणे, बसवते आणि ध्वनीला लागलेल्या वेळेवरून अंतर काढले जाते. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असला, तरी तापमान, क्षारता व दाब यांनुसार तो बदलतो. तो धरताना सेकंदाला १ मीटरची चूक झाली, तर ३० मीटर अंतरात २० मिलिमीटरचा फरक पडतो. किनाऱ्यावरील यार्ड समुद्रतळापेक्षा २५ अंश सेल्सिअसने अधिक तापलेले असेल, तर तेवढ्याच लांबीची पोलादी नळी खाली गेल्यावर सुमारे ९ मिलिमीटर आखडते.

परस्परांशी संबंध नसलेल्या चुका एकाच दिशेला क्वचितच जमा होतात, म्हणून त्यांच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ घेतात. २०, १०, १० व ५ मिलिमीटर यांची साधी बेरीज ४५, तर या रीतीने २५ येते. ध्वनीचा वेगच चुकीचा धरला असेल, तर मात्र प्रत्येक वाचन त्याच दिशेने ढळते व मोजणी कितीही वेळा केली तरी चूक घटत नाही. वर्गमुळाच्या रीतीने मिळणारी सवलत तेथे लावणे धोक्याचे ठरते.

उरलेला फरक जम्परची वळणे किंचित वाकून सामावून घेतात. परंतु गरम तेलाने पाइपलाइन प्रसरण पावते, तेव्हा तीच लवचीकता लागते. म्हणून जोड बसला एवढ्यावर न थांबता तो बसवताना किती मिलिमीटर खर्च झाले याची नोंद ठेवणे अत्यावश्यक असते, कारण पुढील अनेक वर्षे त्या जोडावर येणाऱ्या ताणाचा अंदाज त्याच नोंदीवरून बांधावा लागतो.