भगत, विंचू आणि लस

पावसाळा लागला की चिंचोटी-कामण भागात भातखाचरं भरतात, तुंगारेश्वरच्या उतारावर गवत वाढतं आणि पान लागल्याच्या, म्हणजे साप चावल्याच्या बातम्या येऊ लागतात. त्यासोबत जुने समजही.

‘भगताकडे नेलं आणि माणूस वाचला, डोळ्यांनी पाहिलंय!’ सांगणारा खोटं बोलत नसतो. पण आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. धामण किंवा दिवड चावली तर मंत्र घातला काय, न घातला काय, माणूस जगतोच. विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. वाचलेल्याची गोष्ट गावभर होते. दगावलेल्याचे मात्र ‘दिवस भरले होते’. मंत्राविना किती जण वाचले असते, हा प्रश्न विचारला की भगताचं यश विरघळू लागतं.

‘कडुनिंबाचा पाला कडू लागला, म्हणजे विष चढलेलं नाही.’ हा समज जिवावर बेततो. रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते, तेव्हा खूणही नीट दिसत नाही. पोट दुखतं, पापण्या जड होतात, मग श्वास अडतो. यातलं काहीच जिभेला कळत नाही.

‘विंचू उतरवणाऱ्याशिवाय उतरत नाही.’ साध्या दंशाची कळ काही तासांत आपोआप ओसरते. कोकणातला लाल विंचू मात्र जीव घ्यायचा, आणि एके काळी डॉक्टरांकडेही त्यावर खात्रीचा इलाज नव्हता. महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी करत राहिले: उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, शेवटी फुप्फुसात पाणी. १९८२मध्ये त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यांनी वापरलं आणि गंभीर रुग्णांमधलं २५-३० टक्क्यांचं मृत्यूचं प्रमाण सुमारे एक टक्क्यावर आलं. मला हे काम फार मोठं वाटतं, कारण त्यांनी आधी मोजलं, मग बोलले.

‘जादूटोणाविरोधी कायदा देवधर्माच्या मुळावर उठलाय.’ अंधश्रद्धा निर्मूलनासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३मध्ये आलेल्या या कायद्याने पूजाअर्चा, वारी, कीर्तनाला हात लावलेला नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून रोखून गंडेदोरे करणं मात्र गुन्हा आहे.

साप चावला तर त्या जागी चिरा देऊ नका, तोंडाने विष ओढू नका, करकचून दोरी बांधू नका. हात-पाय हलू न देता १०८ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर चालणारी लस तिथे मोफत मिळते.